गच्ची आधी, सेट मागाहून

ढोल-ताशाचं पथक दहा पावलांवर वाजत असलं की वॉकीटॉकी कानाला लावून काही उपयोग होत नाही. समोरचा ओरडतो, आपण ओरडतो, आणि शेवटी दोघंही हातवारे करू लागतो, जे दुसऱ्या टोकाला दिसत नाहीत. लालबाग-परळमध्ये वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको. अनंत चतुर्दशीला करी रोडच्या पुलापासून भारतमाता सिनेमापर्यंत पाय ठेवायला जागा नसते. मोबाइलच्या पडद्यावर सगळ्या काड्या उभ्या असतात आणि निरोप मात्र जागच्या जागी गोल फिरत राहतो. एकेका टॉवरच्या वाट्याला एवढी माणसं आली की दुसरं काय होणार?

त्या गर्दीत मंडळाची माणसं रात्रभर एकमेकांना एकच प्रश्न विचारत असतात: कुठे पोचलात? ट्रॉलीसोबत एक जण, पुढे जाऊन वाट मोकळी करणारा एक, पाण्याच्या आणि प्रसादाच्या टेम्पोत एक, आणि दुपारपासून गिरगाव चौपाटीवर जाऊन बसलेला एक. मोठ्या गणपतींना लालबाग ते चौपाटी जायला वीस-वीस तास लागतात. आमचा गणपती लहान, पण पुढे मोठा अडकला की आम्हीही अडकलोच. ‘कुठे पोचलात’ याचं उत्तर बोलून द्यायची खरं तर गरज नाही. नकाशावर एक ठिपका आणि त्याच्यासोबत एक ओळ, एवढं पुरतं. मंडळातल्या पोरांनी ही कल्पना मांडली तेव्हा मला ती लगेच पटली, कारण माझं पोट आयुष्यभर अशाच ठिपक्यांवर चाललं.

मी जहाजांवरचे वायरलेस सेट दुरुस्त करायचो. माझगाव, प्रिन्सेस डॉक, इंदिरा डॉक, पुढे न्हावा शेवा. नोकरीला लागलो तेव्हा प्रत्येक मोठ्या जहाजावर मोर्स बडवणारा रेडिओ ऑफिसर असायचा आणि आम्हाला चहा पाजायचा. १९९९ च्या फेब्रुवारीत जीएमडीएसएस, म्हणजे मोर्सशिवाय चालणारी जहाजांच्या संकटसंदेशांची पद्धत, पूर्णपणे लागू झाली आणि तो माणूस जहाजावरून कायमचा उतरला. मग २००४ संपेपर्यंत एआयएस आलं. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या, ३०० टनांच्या वरच्या प्रत्येक जहाजाने आपलं नाव, जागा, वेग आणि दिशा व्हीएचएफवर आपोआप सांगत राहायची. १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्‌झ, असे दोन चॅनेल. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वेळेची वाटणी. प्रत्येक चॅनेलवर एका मिनिटाचे २,२५० तुकडे पाडलेले आणि कोणी कुठल्या तुकड्यात बोलायचं हे जहाजं आपापसांतच ठरवतात. कंट्रोल रूम नाही, मुकादम नाही, तरी बंदराच्या तोंडाशी नांगरलेली सगळी जहाजं एकमेकांचं बोलणं न तोडता बोलतात.

हॅम, म्हणजे छंद म्हणून रेडिओ चालवणाऱ्या मंडळींकडे, याच्याच जातीची एक पद्धत आहे, एपीआरएस. तिथे मात्र ही शिस्त नाही. चॅनेल मोकळा दिसला की बोलायचं. दोघांना तो एकाच क्षणी मोकळा दिसला तर दोघांचंही पॅकेट, म्हणजे एका दमात पाठवलेली माहिती, फुकट. आणि भायखळ्याचा माणूस बोलतोय हे चौपाटीवरच्याला ऐकूच येत नसेल तर त्याला चॅनेल मोकळाच वाटणार. सार्वजनिक नळावर दोन बाजूंनी दोन रांगा लागाव्यात आणि एका रांगेला दुसरी दिसू नये, तसं ते आहे.

एपीआरएसचा जनक बॉब ब्रुनिंगा. त्याचा कॉलसाइन डब्ल्यूबी४एपीआर, आणि त्यातली शेवटची तीन अक्षरं त्याने या पद्धतीच्या नावात बसवली. अमेरिकेच्या नौदल अकादमीत तो इंजिनिअर होता. १९८२ मध्ये त्याने नौदलाच्या जहाजांच्या जागा ॲपल-२ वर नकाशात मांडून पाहिल्या. १९८४ मध्ये कमोडोरच्या व्हिक-२० या खेळण्याएवढ्या कॉम्प्युटरवर शंभर मैलांच्या घोड्यांच्या शर्यतीत कोणता घोडा कुठे पोचलाय हे दाखवलं. म्हणजे या पद्धतीचा एक पाय समुद्रात आणि दुसरा रस्त्यावरच्या लांबच लांब गर्दीत. मला तर ती आमच्यासाठीच केलेली वाटते. २०२२ मध्ये ब्रुनिंगा गेला. तो शेवटपर्यंत एका गोष्टीवर चिडायचा: लोक एपीआरएसला गाडी कुठे आहे ते दाखवणारं यंत्र समजतात. त्याच्या मनात ते आजूबाजूला काय चाललंय हे सगळ्यांनी सगळ्यांना कळवण्याचं साधन होतं, आणि त्यात निरोपाची देवाणघेवाण ठिपक्याइतकीच महत्त्वाची होती. सेट विकत घेताना हे विसरलं की पैसे वाया जातात. कसे ते पुढे सांगतो.

आधी कायद्याचं, कारण पोरांचा उत्साह पहिल्यांदा तिथेच आपटतो. हॅम रेडिओचा परवाना माणसाला मिळतो. परीक्षा द्यावी लागते, केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची डब्ल्यूपीसी शाखा तो देते, आणि मग व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारा कॉलसाइन हाती येतो. व्हीयू३ म्हणजे रिस्ट्रिक्टेड ग्रेड. त्याला मोर्स लागत नाही. मी माझा परवाना काढला तो २६ जुलै २००५ नंतर. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मोबाइल गप्प, घरचा फोन गप्प, आणि परदेशी जहाजांचे सेट दुरुस्त करणाऱ्या मला माझी बायको हिंदमाताच्या पाण्यात आहे की दादरला बहिणीकडे पोचलीय, हे कळायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. एवढं कारण मला बस झालं.

हॅमवर धंद्याचं बोलता येत नाही, तिऱ्हाइताचे निरोप वाहण्यावर बंधनं आहेत, आणि सांकेतिक भाषेत लपवून तर बोलताच येत नाही. ऑनलाइन दुकानात सेट विकायला ठेवलाय म्हणजे तो वापरायची मुभा मिळाली, असंही नाही. स्वस्तातले चिनी सेट १३६ ते १७४ मेगाहर्ट्‌झ सगळीकडे बोलू शकतात. त्यातला १४४ ते १४६ एवढाच पट्टा हॅमचा. बाकी ठिकाणी पोलीस, अग्निशमन, जहाजं आणि कोण कोण बसलेले असतात. अमेरिकेसाठी बनवलेला सेट तर १४८ पर्यंत उघडा असतो, कारण त्यांचा पट्टा तिथवर जातो. म्हणून मी पोरांना पहिल्याच बैठकीत सांगितलं, हॅमचे सेट ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांच्याच हातात राहतील. आमच्या भागात असे आम्ही मोजकेच. दादरचे एक प्राध्यापक, भायखळ्याचा एक टॅक्सीवाला, मी, आणि मंडळातली दोन पोरं, ज्यांनी नेमकी यासाठीच परीक्षा दिली.

मग यादी आली. हल्लीची पोरं कुठलीही गोष्ट घ्यायची म्हटली की आधी तक्ता करतात. एका बाजूला सेटांची नावं, दुसऱ्या बाजूला पडदा, ब्लूटूथ, बॅटरी, रंग. रंगसुद्धा! मी तक्ता पाहिला आणि विचारलं, ‘यातला कुठला सेट तुमचं कोण ऐकणार ते सांगतो?’ पोरं गप्प. ‘काका, म्हणजे?’

म्हणजे असं. एपीआरएसचा ठिपका हवेत सोडून द्यायचा असतो. तो कोणी घेतला की नाही, हे सोडणाऱ्याला कळत नाही. घेतला नाही तर पुन्हा पाठवला जात नाही. निरोपाची गोष्ट वेगळी. निरोपाला नंबर असतो, समोरच्या सेटकडून पोच येते, आणि पोच आली नाही तर सेट काही वेळाने पुन्हा पाठवतो. म्हणजे निरोपासाठी ऐकणं आणि बोलणं दोन्ही लागतं. बाजारात छोटे ट्रॅकर मिळतात, काड्यापेटीपेक्षा थोडे मोठे, जीपीएस जोडला की ठिपके सोडत बसतात. त्यांतले पुष्कळसे बहिरे असतात. त्यांना कान दिलेलेच नसतात. टेम्पोच्या छतावर ठेवायला ठीक, पण टेम्पोवाल्याला ‘चिंचपोकळीला थांब’ हे त्यांच्यावरून कळवता येत नाही. ब्रुनिंगा चिडायचा तो याच्यावर, आणि माझ्या मते बरोबर चिडायचा.

दुसऱ्या टोकाला होते केनवूड आणि येसूचे हातातले सेट, ज्यांच्या पोटातच सगळं असतं: जीपीएस, पॅकेट तयार करणारा मोडेम, निरोप टाइप करायची सोय. केनवूडचा टीएच-डी७४ आमच्या प्राध्यापकांकडे आहे आणि तो त्यांच्या मुलांपेक्षा त्यांना प्रिय आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये आसाही कासेईच्या चिप कारखान्याला आग लागली, सुटे भाग मिळेनासे झाले आणि त्या सेटचं उत्पादन बंद पडलं. पुढे त्याच्या जागी डी७५ आला. येसूचा एफटी५डी वापरायला सोपा, पडदा मोठा. पण केनवूड ब्लूटूथवरून फोनला किंवा कॉम्प्युटरला मोडेम म्हणून जोडता येतो, येसूचे हातातले सेट तसे जोडता येत नाहीत. घरी बसून खेळणाऱ्याला याने फरक पडत नाही. आम्हाला पडत होता, कारण मिरवणुकीत सेटच्या छोट्या बटणांवर एकेक अक्षर शोधत कोण बसणार?

तिसरा रस्ता गरिबाचा. दोन-तीन हजारांचा चिनी सेट, एक केबल, आणि फोनवर एपीआरएसड्रॉइड नावाचं ॲप. जपानी सेटची किंमत याच्या पंधरा-वीस पट. पोरांना अर्थातच हा रस्ता आवडला. मलाही आवडतो, पण त्यात एक खोच आहे. फोनमधून आवाज आला की सेट आपणहून बोलायला लागतो, त्याला व्हॉक्स म्हणतात, आणि तो जागा व्हायला क्षणभर वेळ घेतो. एपीआरएसचं पॅकेट म्हणजे १,२०० आणि २,२०० हर्ट्‌झच्या दोन सुरांची घरघर, ती सगळी मिळून सेकंदभराचीही नसते. सुरुवातीचा तुकडा व्हॉक्सने खाल्ला तर अख्खं पॅकेट मातीत. यावर उपाय म्हणजे ॲपमध्ये सुरुवातीची नुसती घरघर लांबवायची. ती लांबवली की चॅनेल जास्त वेळ अडतो, आणि नळावरची रांग वाढते. हल्ली ब्लूटूथ मोडेम आत असलेले नवे चिनी सेटही मिळतात. त्यांच्यात हा त्रास नाही. पैसे कमी असतील तर मी आज त्यांच्याकडेच बोट दाखवीन.

पण या सगळ्याआधी गच्ची.

आमची चाळ चार मजली. वर पत्र्याची शेड, पाण्याच्या टाक्या, आणि त्यांच्या बाजूला माझी काठी. अँटेना जमिनीपासून साधारण सोळा मीटरवर येतो. सोळा मीटर उंचीवरून रेडिओचं क्षितिज सोळा-साडेसोळा किलोमीटर लांब असतं, हे कागदावर. करी रोड ते गिरगाव चौपाटी सरळ रेषेत पाच किलोमीटरच्या आसपास. म्हणजे कागदावर भरपूर शिल्लक. पण कागदावर इमारती नसतात. आमच्या लहानपणी इथे सगळ्यात उंच म्हणजे गिरण्यांची धुराडी. आता त्याच जमिनींवर पन्नास-साठ मजल्यांचे टॉवर उभे आहेत आणि माझी काठी त्यांच्या पार्किंगच्या मजल्यांच्या उंचीला लागते. काचेचे आणि सळ्यांचे हे डोंगर काही लहरी अडवतात आणि काही भलत्या बाजूला परतवतात. एका टॉवरच्या गच्चीवर काठी लावू द्याल का, म्हणून आम्ही तिथल्या सोसायटीला अर्ज केला. उत्तर आलं नाही. वॉचमनने मात्र प्रेमाने सांगितलं की वर स्विमिंग पूल आहे.

ही उंचीची गोष्ट पोरांना पटावी म्हणून मी त्यांना एका संध्याकाळी वर बोलावलं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हॅमचा एक एपीआरएस सेट आहे, १४५.८२५ मेगाहर्ट्‌झवर. चालू असतो तेव्हा तो खालून आलेलं पॅकेट ऐकतो आणि परत खाली सोडतो. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जातं, एका फेरीत फार तर दहा मिनिटं आपल्या आकाशात असतं. हातातल्या पाच वॉटच्या सेटला गच्चीवरचा अँटेना जोडला, कॉलसाइन पाठवला, आणि स्थानक डोक्यावर आलं तसा तोच कॉलसाइन वरून परत आला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग त्याच सेटवरून, त्याच अँटेनावरून, भायखळ्याच्या गल्लीत उभ्या असलेल्या टॅक्सीवाल्याला निरोप पाठवला. पोच आली नाही. चारशे किलोमीटरवरच्याला ऐकू गेलं आणि दोन किलोमीटरवरच्याला नाही. त्यानंतर तक्त्यातला रंगाचा रकाना कोणी काढला नाही, पण त्याच्यावर चर्चाही झाली नाही.

(आपल्या इस्रोनेही एकदा असा खेळ केला होता. १ एप्रिल २०१९ ला पीएसएलव्ही-सी४५ उडालं, तेव्हा त्याचा चौथा टप्पा फेकून न देता कक्षेत ठेवला होता, आणि त्याच्यावर अ‍ॅमसॅट इंडियाचा एपीआरएस सेट होता. शेजारीच इस्रोचा एआयएसचा सेट. माझी नोकरी आणि माझा छंद एकाच रॉकेटच्या शेपटाला बांधून वर गेलेले पाहून मला काय वाटलं असेल ते वाचणाऱ्याने समजून घ्यावं.)

तर पैसे कुठे घालायचे, याचा क्रम मी असा लावला की आधी अँटेना, मग वायर, मग कनेक्टर, आणि उरतील त्यात सेट. दोन मीटरच्या पट्ट्यासाठी पाव-लहरीचा अँटेना म्हणजे जेमतेम अर्धा मीटर पितळी सळी आणि खाली तिरक्या चार सळ्या. लॅमिंग्टन रोडला सॉकेट, सळ्या, स्क्रू सगळं मिळून फार तर एका जेवणाचे पैसे. वायरीत मात्र कंजुषी करायची नाही. आरजी-५८ ही बारीक, स्वस्त कोॲक्स सगळे घेतात. गच्चीवरून दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत यायला वीस मीटर लागते, आणि या पट्ट्यात तेवढ्या लांबीत आरजी-५८ निम्म्याहून जास्त शक्ती गिळून टाकते. वर काठी उभी करायची आणि निम्मं वायरीत सांडायचं, याला अर्थ नाही. जाड एलएमआर-४०० त्याच लांबीत जेमतेम पाचवा हिस्सा खाते. ती महाग, वाकत नाही, जिन्यातल्या वळणावर हट्ट करते, पण मी तीच घातली. कनेक्टरवर रबरी टेप गच्च गुंडाळायची. मुंबईच्या पावसात आणि खाऱ्या हवेत उघडा सांधा एका ऋतूत काळा पडतो, हे मी जहाजांवर शिकलो.

गच्चीच्या स्टेशनवर एक जुना मोबाइल सेट, म्हणजे गाडीत बसवायचा असतो तो, आणि रास्पबेरी पायवर डायरवुल्फ नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर. ते आलेलं पॅकेट उलगडून नकाशा दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला देतं आणि पुन्हा हवेत सोडतं, म्हणजे ट्रॉलीचा आवाज चौपाटीपर्यंत जायला एक पायरी मिळते. वीज गेली तर यूपीएसची बॅटरी. मिरवणुकीच्या रात्री मी स्वतः त्याच्या शेजारी बसतो. बायको म्हणते, गणपती सगळे रस्त्यावर बघतात, हे एकटे पडद्यावर बघतात.

विसर्जनाच्या आधी आम्ही वाट चालून पाहिली. लालबाग, चिंचपोकळी, भायखळा स्टेशन, नागपाडा, दो टाकी, सी. पी. टँक, ऑपेरा हाउस, चौपाटी. लालबागच्या उड्डाणपुलाखाली जीपीएस आंधळा होतो. टॉवरच्या भिंतींवर आपटून आलेले उपग्रहाचे संकेत पकडून तो माणसाला शेजारच्या गल्लीत नेऊन ठेवतो. एपीआरएसच्या नेहमीच्या पद्धतीत जागा मिनिटाच्या शंभराव्या भागापर्यंत सांगतात, म्हणजे अठरा-एकोणीस मीटरचा फरक तसाही असतोच. मिरवणुकीला तेवढा चालतो. नागपाड्यापर्यंत माझी गच्ची सगळं ऐकत होती. त्यापुढे ठिपके तुटक आले, आणि सी. पी. टँकच्या गल्ल्यांत पार गेले.

आणखी एक गंमत तिथे कळली. बऱ्याच सेटांत स्मार्ट बीकनिंग नावाची सोय असते. जोरात चाललात, वळलात, तर ठिपके भराभर. थांबलात तर वीस-तीस मिनिटांनी एक. हायवेवर उत्तम. पण गणपतीची मिरवणूक सेटच्या हिशेबाने सतत थांबलेलीच असते. त्यामुळे ट्रॉली चिंचपोकळीच्या पुलावर पोचली तरी नकाशावर ती लालबागलाच नाचत राहणार. ती सोय आम्ही बंद केली आणि घड्याळ लावलं. ट्रॉलीने मिनिटाच्या काट्याला पाचने भाग जाईल तेव्हा बोलायचं, टेम्पोने त्याच्या एक मिनिट नंतर, पुढच्याने दोन मिनिटं नंतर. जहाजांच्या वेळेची वाटणी मी हाताने बसवली, म्हणा ना. काही ट्रॅकरांत ही सोय आतच असते. हातातल्या सेटांत ती असती तर मी जास्त पैसे मोजले असते. कंपन्या पडदे रंगीत करतात आणि हे करत नाहीत.

निरोपांचं वेगळंच प्रकरण. एपीआरएसचा निरोप ६७ अक्षरांचा, तीही रोमन. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि सेटच्या पडद्यावर ती उमटतही नाही. पोरांना ही अडचण वाटली नाही, ती तशीही रोमनमध्येच मराठी लिहितात. प्राध्यापकांना वाटली. त्यांनी नाक मुरडत सेटमध्ये आधीच तयार ओळी भरून ठेवल्या: थांबलोय, निघालो, चाक पाहा, पाणी संपलं, डॉक्टर हवा, पुढचा गणपती अडकलाय. सेटमध्ये अशा ओळी साठवता येतात हे निवडताना बघायला हवं. घामेजल्या अंगठ्याने दोन बटणांत निरोप गेला पाहिजे. नकाशावरच्या चिन्हांची यादी मात्र सगळ्यांनी मिळून वाचली. गाडी, सायकल, रुग्णवाहिका, पळणारा माणूस, घोडासुद्धा आहे. हत्ती नाही, उंदीर नाही. ट्रॉलीला शेवटी घोडा दिला. त्यावर मंडळाच्या अध्यक्षांनी अर्धा तास वाद घातला.

उरले बिनपरवान्याचे कार्यकर्ते. त्यांच्यासाठी लोरा नावाचे कमी शक्तीचे छोटे रेडिओ. बोटाएवढी चिप बसवलेली पाटी, जीपीएस, एक गोल बॅटरी, ब्लूटूथने फोनला जोडायचं. त्यावर मेशटॅस्टिक नावाचं सॉफ्टवेअर. एका पाटीचं पॅकेट दुसरी पाटी पुढे ढकलते. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा अशा कमी शक्तीच्या यंत्रांना परवान्याविना खुला आहे, आणि इथे मजकूर कुलूप लावून पाठवायलाही हरकत नाही. फोनचा पडदा असल्याने देवनागरी चालते. विकत घेताना एकच पाहायचं: त्याच पाट्या ४३३ च्या आणि ८६८ च्या अशा दोन प्रकारांत येतात. आपल्याला ८६८ वाली, आणि सॉफ्टवेअरमध्ये देश भारत निवडायचा. युरोपातले हॅम लोरावर एपीआरएस चालवतात ते ४३३.७७५ वर, म्हणून कोणी ४३३ ची सुचवतं. पण आपल्याकडे हॅमचा तो पट्टा ४३४ ला सुरू होऊन ४३८ ला संपतो. तिकडची माहिती वाचून इकडे सेट घेणाऱ्याची हीच गफलत होते. लोराची ताकद कमी, पण कार्यकर्ते मिरवणुकीभर पसरलेले असल्याने साखळी तुटत नाही. आमच्या गर्दीत गर्दीचा एवढाच काय तो फायदा.

विसर्जनाच्या रात्री ठिपके चालले. कविता करण्यासारखं काही घडलं नाही. टेम्पो भायखळ्याला वळवायचा होता तो वेळेवर वळला. एका कार्यकर्त्याला भोवळ आली तेव्हा ‘डॉक्टर हवा’ ही ओळ पुढच्याला मिळाली आणि तो रुग्णवाहिका उभी होती तिकडे धावला. त्या वेळी फोन लागत नव्हते. ढोल वाजत होते. सेट कंबरेला थरथरत होता. थरथरणारा गजर असलेला सेट घ्या, हेही यादीत लिहून ठेवा. सी. पी. टँकला मात्र ठरल्याप्रमाणे आम्ही आंधळे झालो आणि चौपाटीवरचा माणूस पहाटेपर्यंत अंदाजावर बसला.

पश्चिम बंगालची हॅम मंडळी गंगासागर मेळ्यात हरवलेली माणसं घरी पोचवतात. तिथे उघडं बेट आणि वाळू आहे. आमच्याकडे गल्ल्या आहेत, म्हणजे गच्च्या लागणार.

यंदा टॅक्सीवाल्याने सी. पी. टँकजवळ एक जुनी चार मजली इमारत शोधलीय. वरच्या मजल्यावर एक मावशी एकट्या राहतात आणि गच्चीची किल्ली त्यांच्याकडे असते. आम्ही गेलो, काठी म्हणजे काय, त्याने काही होत नाही, विजेचं बिल येणार नाही, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘त्या काठीवर माझी टीव्हीची छत्री बसेल का? दर पावसात ती तोंड फिरवते.’ टॅक्सीवाला लगेच हो म्हणाला. छत्री काठीवर लावायची नाही, बाजूला वेगळा पाइप रोवू, असं मी त्याला जिन्यात समजावलं. पाइप, क्लॅम्प आणि पंधरा मीटर जाड वायर आणायला शनिवारी लॅमिंग्टन रोडला जायचंय. सेटचं अजून कोणी विचारलेलं नाही.